सोसायटीचं आवार: काँक्रीट, पेव्हर ब्लॉक की माती आणि झाडं?

पुण्याच्या वाकड, बाणेर, हिंजवडीत शेतं गेली, इमारती आल्या. या बदलाचा ताप खरा कळतो तो रात्री. एप्रिलच्या दुपारी शहराबाहेरची नांगरून पडलेली कोरडी जमीनही शहराइतकीच तापते, पण सूर्य मावळला की भराभर निवते. काँक्रीट, डांबर आणि भिंती मात्र दिवसभर साठवलेली उष्णता रात्रभर सोडत राहतात. म्हणून आवाराचं ठरवण्याआधी इन्फ्रारेड थर्मामीटरने दुपारी २ आणि रात्री १० अशा दोन्ही वेळा जमीन मोजा. चकाकत्या पत्र्यावरचा आकडा धरू नका, तिथे हे यंत्र फसतं.

डांबर सर्वांत वाईट: नवं असताना सुमारे ५ टक्केच ऊन परतवतं. नवं काँक्रीट ३५ ते ४० टक्के परतवतं, पण काळवंडल्यावर २०-३० वर येतं. शिवाय परतलेलं ऊन चालणाऱ्याच्या अंगावर आणि तळमजल्याच्या भिंतींवर पडतं. त्यामुळे ‘फिकट रंगाचे ब्लॉक टाकू, गारवा येईल’ या सल्ल्यावर फार विसंबू नये. साधे पेव्हर ब्लॉकही काँक्रीटच. खाली काँक्रीटचा थर दिला तर पाणीही मुरत नाही.

जाळीच्या ब्लॉकमध्ये हिरवळ लावण्याची कल्पना छान, पण ती जगवायला उन्हाळ्यात चौरस मीटरला रोज ५-६ लिटर पाणी लागतं. टँकरवर चालणाऱ्या सोसायटीत ते परवडत नाही आणि दिवसभर गाडी उभी राहिली तर गवत मरतंच. तिथे जाळीत बारीक खडी भरा: गारवा कमी, पण पाऊस मुरतो.

आमचा कौल सावलीला. झाड ऊन जमिनीपर्यंत पोचूच देत नाही, आणि पानांतून उडणारं प्रत्येक लिटर पाणी सुमारे २.४ मेगाज्यूल उष्णता घेऊन जातं. करंज निवडा, एप्रिलमध्ये त्याला नवी दाट पालवी असते. बहावा सुंदर, पण ऐन उन्हाळ्यात त्याची सावली विरळ. गुलमोहराच्या फांद्या वादळात मोडतात, त्यामुळे पार्किंगजवळ नको. बुंध्याभोवती किमान सव्वा ते दीड मीटर लांबी-रुंदीचा मातीचा चौकोन उघडा ठेवा. काँक्रीट बुंध्याला भिडलं की मुळांना हवा-पाणी मिळत नाही, आणि असं झाड पावसाळ्यात उन्मळतं.

गाड्यांमुळे झाडांना जागाच नसेल तर पैसा गच्चीवर घाला. पांढरा परावर्तक लेप नवा असताना ७० टक्क्यांहून अधिक ऊन परतवतो. मात्र मार्चमध्ये धूळ धुवावी लागते. चुना स्वस्त, पण पावसात वाहून जातो, दरवर्षी द्यावा लागतो. गळती असेल तर आधी वॉटरप्रूफिंग. गच्चीवर माती पसरण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचाराच: लोकांचा वावर असलेली गच्ची साधारण चौरस मीटरला १५० किलो भार धरून बांधतात, आणि १० सेंटिमीटर ओली माती एकटीच तेवढी किंवा त्याहून जड भरते.