न्यूगेट पॅकेज: बिल्डबरोबर बनवायचं की सर्व्हरवर?

डॉटनेटची क्लास लायब्ररी लिहिली, ती अजून दोन-तीन प्रोजेक्टमध्ये लागतेय आणि दर वेळी डीएलएल (बिल्डमधून निघणारी लायब्ररीची फाइल) कॉपी-पेस्ट करून वैताग आलाय, तर न्यूगेट पॅकेज करायचं हे ठरलेलंच. न्यूगेट म्हणजे डॉटनेटचा पॅकेज मॅनेजर, लायब्ररी व्हर्जन नंबरसकट एका फाइलमध्ये बांधून इतर प्रोजेक्टना देणारा. प्रश्न फक्त ते आपोआप बनवायचं कुठे हा. तीन रस्ते आहेत, तिन्ही वापरून झालेत माझे.

पहिला जुना, नुस्पेक फाइल (पॅकेजचं नाव, व्हर्जन, डिपेंडन्सी सांगणारी) लिहायची आणि पोस्ट-बिल्ड इव्हेंटमधून, म्हणजे बिल्ड संपल्यावर आपोआप चालणाऱ्या कमांडमधून, न्यूगेटचं कमांड-लाइन टूल चालवायचं. प्रोजेक्ट जुन्या फ्रेमवर्कचा आणि जुन्या पद्धतीच्या सीएसप्रोजचा (प्रोजेक्टच्या सेटिंग्जची फाइल) असेल तर ठीक. नव्या लायब्ररीला हे करू नका, डिपेंडन्सी (लायब्ररीला लागणारी इतर पॅकेजेस) नुस्पेक आणि प्रोजेक्ट अशा दोन ठिकाणी लिहाव्या लागतात आणि एक जागा कधीतरी राहतेच.

दुसरा म्हणजे व्हिज्युअल स्टुडिओत प्रोजेक्टच्या प्रॉपर्टीजमधल्या पॅकेज टॅबवरचा चेकबॉक्स. टिक केलं की सीएसप्रोजमध्ये 'जनरेट पॅकेज ऑन बिल्ड' ही एक ओळ येते आणि प्रत्येक बिल्डला बिन फोल्डरमध्ये पॅकेज तयार. एकटेच काम करताय, पॅकेज आपल्याच मशीनवरच्या फोल्डरमधून उचलायचंय, तर याच्याइतकं सोपं दुसरं काही नाही. पण व्हर्जन सांभाळा, कारण तुम्ही काही लिहिलं नाही तर ते 1.0.0 च राहतं. मी एकदा एका मेथडमधला नल चेक दुरुस्त केला, बिल्ड केलं, पॅकेज नवीन, फाइलची वेळही ताजी, आणि दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये रिस्टोर केल्यावर (म्हणजे न्यूगेटला पॅकेजेस आणायला सांगितल्यावर) तोच एक्सेप्शन! अख्खी दुपार कोडमध्ये चूक शोधत बसलो. चूक कोडमध्ये नव्हतीच, न्यूगेट एकदा घेतलेलं व्हर्जन आपल्या होम फोल्डरमधल्या कॅशेत ठेवतं आणि तोच नंबर परत मागितला की तिथलंच देतं. एकतर नंबर वाढवा, नाहीतर कॅशेतला त्या व्हर्जनचा फोल्डर उडवा. आणि त्या ओळीला फक्त रिलीज कॉन्फिगरेशनची (इतरांना द्यायच्या बिल्डची) अट घाला, म्हणजे डीबगची, आपल्या चाचपणीच्या बिल्डची, पॅकेजेस साठत नाहीत.

तिसरा रस्ता सीआय सर्व्हरवर (कोड आला की बिल्ड आणि टेस्ट आपोआप चालवणारं मशीन) 'डॉटनेट पॅक', म्हणजे पॅकेज बनवणारी कमांड. टीममध्ये दोन माणसं जरी असली तरी माझं मत सरळ याला. कारण इथे क्रम हातात असतो: आधी बिल्ड, मग टेस्ट, मग नो-बिल्ड (परत बिल्ड करू नको) देऊन पॅक, म्हणजे ज्या डीएलएलवर टेस्ट पास झाल्या नेमकी तीच पॅकेजमध्ये जाते, कोणाच्या तरी लॅपटॉपवरची अर्धवट बदललेली नाही. डॉटनेट 8 च्या एसडीकेपासून पॅक बाय डिफॉल्ट रिलीजमध्ये होतं, त्याआधी डीबगमध्ये व्हायचं, म्हणून कॉन्फिगरेशन स्पष्ट लिहाच. व्हर्जनसाठी मिनव्हर वापरा, ते गिटच्या टॅगवरून (कमिटला दिलेल्या नावावरून, इथे व्हर्जन नंबर) नंबर काढतं. फक्त सीआय चालवणाऱ्या गिटहब अ‍ॅक्शन्सचा चेकआउट (कोड आणायची पायरी) बाय डिफॉल्ट शेवटचा एकच कमिट आणतो, मग मागचे टॅग सापडत नाहीत आणि 0.0.0 ने सुरू होणारा नंबर मिळतो, तेव्हा पूर्ण हिस्टरी आणायला सांगा.

सेटअपला एखादा दिवस जातो हे खरं. पण पॅकेज न्यूगेट डॉट ऑर्गवर, सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या साइटवर, जाणार असेल तर तो दिवस द्याच, तिथे एकदा चढवलेलं व्हर्जन बदलता येत नाही, स्वतःहून डिलीटही करता येत नाही, फक्त यादीतून लपवता येतं. म्हणून पुश, म्हणजे पॅकेज तिथे चढवणं, प्रत्येक बिल्डला नको, टॅग पडला तरच.

एक गोष्ट चेकबॉक्स आणि सीआय दोन्हीकडे चकवते. तुमच्या लायब्ररीत दुसऱ्या प्रोजेक्टचा रेफरन्स असेल तर त्याची डीएलएल पॅकेजमध्ये येत नाही, तो प्रोजेक्ट वेगळं पॅकेज असल्यासारखा डिपेंडन्सी म्हणून लागतो, आणि ते पॅकेज कुठे नसेल तर समोरच्याचं रिस्टोर फुटतं. पॅकेज ही मुळात झिप फाइलच असते, एक्स्टेन्शन बदला, उघडा, लिब फोल्डरमध्ये कोणत्या डीएलएल आल्यात ते बघा आणि आतल्या नुस्पेकमधली डिपेंडन्सीची यादी एकदा वाचा. पुश करायच्या आधी.