वर ‘८के’चं स्टिकर, खाली ३० हर्ट्झचा डबा: एचडीएमआय स्विच घेताना झालेली फसवणूक

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात एचडीएमआय स्विच घ्यायला निघाला असाल, तर निघण्याआधी हे वाचा. दोन-तीन गेमिंग कन्सोल एकाच टीव्हीला जोडून देणारी ही छोटीशी पेटी काहीशे रुपयांनाही मिळते आणि कित्येक हजारांनाही. बाहेरून दोन्ही जवळपास सारख्याच दिसतात. याच गोष्टीचा फायदा घेऊन एका दुकानदाराने मला ३,२०० रुपयांना गंडवलं.

आधी आमची गरज सांगते, कारण बऱ्याच घरांत हीच अडचण असणार. आम्ही लालबागला राहतो. माझा प्लेस्टेशन ५, धाकट्या भावाचा एक्सबॉक्स सीरिज एक्स, भाचीचा निन्टेंडो स्विच आणि आईच्या मालिकांसाठी सेट टॉप बॉक्स. टीव्हीला एचडीएमआयचे चार पोर्ट आहेत, पण ४के चित्र (फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांचं) १२० हर्ट्झने, म्हणजे सेकंदाला १२० वेळा बदलणारं, घेणारे त्यातले दोनच. त्या दोनातला एक साउंडबारला दिलेला, कारण ईएआरसीची (टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलने साउंडबारला देण्याची) सोय नेमकी त्याच पोर्टवर आहे. म्हणजे दोन मोठ्या कन्सोलसाठी उरला एक पोर्ट. भिंतीला लावलेल्या टीव्हीच्या मागे रोज हात घालून केबल काढा-घाला करत राहिलं की पोर्ट सैल होतो. म्हणून एचडीएमआय स्विच घ्यायचा ठरवला.

दुकानात मी मोघम काही बोलले नाही. दोन कन्सोल, ४के, १२० हर्ट्झ, एचडीआर (उजेड-अंधाराचे जास्त बारकावे), हे सगळं त्या पेटीतून आरपार गेलं पाहिजे, असं स्पष्ट सांगितलं. दुकानदाराने खालच्या फळीवरून एक डबा काढला. त्यावर ठळक अक्षरांत ‘८के, २.१, ४८ जीबीपीएस’. भिंतीवरच्या छोट्या मॉनिटरला ती पेटी लावून त्याने एक अँड्रॉइड बॉक्स चालवून दाखवला. “बघा ताई, एकदम क्लिअर. डोळे झाकून न्या.” मॉनिटर फुल एचडी होता. मी ४के टीव्हीवर दाखवा म्हटलं, तर दुकानात ४के टीव्ही नाही म्हणाला. “घरी नाही चाललं तर परत आणा, मी कुठे पळून जातोय?” हा शब्द त्याने भावासमोर दिला. पक्कं बिल मागितलं तर कॉम्प्युटर बंद आहे, व्हॉट्सॅपवर पाठवतो, असं सांगितलं.

सगळी फसवणूक त्या मॉनिटरच्या चाचणीत आहे, म्हणून ती नीट समजून घ्या. फुल एचडी चित्र ६० हर्ट्झने पाठवायला एचडीएमआयच्या तारेतून साधारण साडेचार गिगाबिट दर सेकंदाला (डब्यावरचं जीबीपीएस ते हेच) जावे लागतात. २००९ सालच्या एचडीएमआय १.४ ची क्षमता १०.२ गिगाबिट, २०१३ च्या २.० ची १८ आणि २०१७ मध्ये आलेल्या २.१ ची ४८. म्हणजे दुकानातली चाचणी सगळ्यात जुनी, सगळ्यात स्वस्त पेटीही आरामात पास होते. ४के १२० हर्ट्झला एचडीआरसह मात्र १८ गिगाबिटही पुरत नाहीत. दुकानदार आपल्याला चालणारी वस्तूच दाखवत असतो, फक्त आपण पैसे ज्या कामाचे देतो ते काम दाखवत नाही.

घरी पेटी लावली. प्लेस्टेशनचा होम स्क्रीन आला आणि दोन सेकंदांत गेला. परत आला, पुन्हा गेला. मधल्या वेळात चित्रावर पांढरे ठिपके चमकत होते. १२० हर्ट्झ चालू केल्यावर तर सरळ ‘नो सिग्नल’. पेटी टीव्हीची सगळी माहिती कन्सोलला जशीच्या तशी पोचवत होती, त्यामुळे कन्सोल बिचारा टीव्हीला झेपेल तेवढं पाठवत होता आणि मधली पेटी गुदमरत होती. ही शंका पक्की करायला प्लेस्टेशनमध्ये एक चांगली सोय आहे. सेटिंग्जमध्ये स्क्रीन अँड व्हिडिओ उघडा, तिथे व्हिडिओ आउटपुटमध्ये ‘४के व्हिडिओ ट्रान्सफर रेट’ सापडेल. तो कमी केला की कन्सोल रंगांची माहिती घटवून हलका सिग्नल पाठवतो. मी तो सगळ्यात खाली आणला आणि ठिपके थांबले. मग पेटी काढली आणि तीच केबल थेट टीव्हीला लावली. ४के, १२० हर्ट्झ, एचडीआर, सगळं जागच्या जागी. टीव्ही चांगला, कन्सोल चांगला, केबल चांगली. उरली पेटी.

भावाने डबा उजेडात धरला तेव्हा ‘८के’च्या अक्षरांभोवती एक बारीक कड दिसली. नखाने उचलली तर अख्खी पट्टी सुटून आली. तिच्याखाली मूळ छपाई होती: ‘४के × २के, ३० हर्ट्झ’. पेटीवरही तसंच छोटं स्टिकर होतं, ते काढायला हेअर ड्रायरची ऊब द्यावी लागली. डब्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता नाही, एमआरपी नाही, तक्रारीसाठी नंबर नाही. बाहेरून आलेल्या पॅकबंद मालावर या गोष्टी छापणं आपल्याकडे कायद्याने सक्तीचं आहे. हा नजरचुकीने दिलेला वेगळा माल नव्हता. कुणीतरी बसून, मोजून, मूळ अक्षरं झाकली जातील अशा मापाची स्टिकरं छापून घेतली होती. मला राग आला तो याचा.

दुकानात परत गेलो तर सूर बदललेला. आधी केबल खराब, मग कन्सोल ‘बाहेरचा’ असेल, मग टीव्हीच्या सेटिंगचा घोळ. स्टिकरची पट्टी काउंटरवर ठेवली, तर म्हणाला, “कंपनीकडूनच असं येतं ताई.” शेवटी व्हॉट्सॅपवर पाठवलेल्या कागदाकडे बोट दाखवलं: विकलेला माल परत घेतला जाणार नाही. त्या कागदावर वर ‘एस्टिमेट’ लिहिलेलं होतं, जीएसटी नंबर नव्हता, आणि यूपीआयचे पैसे गेले होते ते दुकानाच्या नव्हे, भलत्याच कुणाच्या नावावर.

या ‘परत घेतला जाणार नाही’ला घाबरू नका. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवस धरले जातात. बिल न देणं हीसुद्धा त्याच कायद्यात अनुचित प्रथाच आहे. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवली. सोबत स्टिकर काढण्याआधीचे आणि नंतरचे फोटो, यूपीआयची पावती आणि व्हॉट्सॅपवरचा संवाद जोडला. हेल्पलाइन म्हणजे कोर्ट नव्हे, ती मध्यस्थी करते. पण दुकानदाराला तेवढंही पुरलं. आधी ‘दुसरा पीस देतो’ म्हणून फोन आला, मी नको म्हटलं, मग पैसे परत आले. नसते आले तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायची तयारी होती. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही. कागदपत्रं कशी लावायची हे अडलं तर मुंबई ग्राहक पंचायत मार्गदर्शन करते.

पैसे मिळाले तरी मी हे लिहितेय, कारण त्यानंतर भावाचा मित्र त्याच दुकानात गेला आणि त्यालाही तोच डबा, त्याच स्टिकरसह, पुढे केला गेला. लॅमिंग्टन रोडवर प्रामाणिक दुकानं भरपूर आहेत. माझा पहिला कॉम्प्युटर तिथलाच आणि तो वर्षानुवर्षं चालला. म्हणून तर जास्त लागतं.

स्विच घेताना ‘२.१’ या आकड्यावर जाऊ नका. नियमच असे झालेत की २.१ मधल्या बहुतेक सुविधा ऐच्छिक आहेत, त्यामुळे खोटं न बोलताही कमी ताकदीच्या वस्तूवर २.१ लिहिता येतं. ४के १२० हर्ट्झ, व्हीआरआर (खेळाच्या वेगाप्रमाणे टीव्हीने चित्राचा वेग बदलणं) आणि एचडीआर एकत्र चालतील का, हे बिलावर किंवा निदान मेसेजवर लिहून घ्या. लिहून द्यायला टाळाटाळ झाली की दुकान सोडा. जमत असेल तर कन्सोल पिशवीत घालून ४के टीव्ही असलेल्या दुकानातच चाचणी घ्या. स्विच मागितल्यावर स्प्लिटर हातात देणारेही आहेत. स्प्लिटर एका कन्सोलचं चित्र दोन टीव्हींवर दाखवतो, आपल्याला हवं त्याच्या बरोबर उलटं. आपोआप बदलणाऱ्या पेट्यांचा वेगळा त्रास: प्लेस्टेशन रेस्ट मोडमध्ये असला तरी काही पेट्यांना तो चालूच वाटतो आणि त्या मध्येच तिकडे उडी मारतात. बटण किंवा रिमोटवाली बरी. केबल घेताना ‘अल्ट्रा हाय स्पीड’चं क्यूआर कोड असलेलं लेबल बघा आणि ते तिथेच स्कॅन करा. घरात जुना प्लेस्टेशन २ असेल, तर त्याच्या पिवळ्या-पांढऱ्या-लाल तारा या पेटीला लागणारच नाहीत. त्यासाठी साधा एव्ही स्विच वेगळा मिळतो.

आणि मुळात महागडी पेटी लागते का, हेही तपासा. भाचीचा निन्टेंडो स्विच पहिल्या पिढीचा आहे, तो डॉकमधून (टीव्हीला जोडायच्या स्टँडमधून) १०८०पी, म्हणजे फुल एचडीच्या, पुढे जात नाही. सेट टॉप बॉक्सही तेवढ्यातलाच. या दोघांना आम्ही काहीशे रुपयांची साधी बटणवाली पेटी लावली आणि ती टीव्हीच्या साध्या पोर्टला दिली, तिथे ती अजिबात अडखळत नाही. टीव्हीचा एक साधा पोर्ट त्यामुळे मोकळा झाला. साउंडबारला ऑप्टिकल वायर दिली, म्हणजे ईएआरसीचा पोर्टही सुटला. आवाजात चहूबाजूंनी घेरणारं डॉल्बी अ‍ॅटमॉस गेलं, पण आता प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स दोन्ही थेट टीव्हीला लागलेत.