बारकोड की आरएफआयडी? ग्रंथालयासाठी निवड करताना

पुस्तकांची देवघेव संगणकावर आणायची ठरली की पहिला प्रश्न हाच येतो: बारकोड लावायचा की आरएफआयडी, म्हणजे रेडिओ लहरींनी दुरूनच वाचता येणारी चिप? आमचं मत: आधी बारकोड. देवघेवीच्या टेबलाशी रोज रांग लागत असेल, किंवा वाचकांना स्वतःच पुस्तक नोंदवून न्यायची सोय द्यायची असेल, तरच आरएफआयडीचा विचार करा.

बारकोडसाठी स्कॅनर आणि लेबल प्रिंटर पुरतो. मलपृष्ठावरचा आयएसबीएनचा (प्रकाशकानं छापलेल्या आंतरराष्ट्रीय पुस्तक क्रमांकाचा) बारकोड चालत नाही, कारण एका आवृत्तीच्या सगळ्या प्रतींवर तो एकच असतो. प्रत्येक प्रतीला तिच्या दाखल क्रमांकाचं, म्हणजे ग्रंथालयानं त्या प्रतीला दिलेल्या स्वतंत्र क्रमांकाचं, लेबल हवं. एक बाहेर आणि एक आत, शीर्षकपानाच्या मागे लावलं की नव्यानं बांधणी झाली तरी पुस्तकाची ओळख पुसली जात नाही. डायरेक्ट थर्मल (शाईविना, नुसत्या उष्णतेनं कागदावर उमटणारी) लेबलं उन्हानं, उष्णतेनं काळवंडतात किंवा पुसट होतात. त्याऐवजी शाईच्या रिबनवर चालणारा थर्मल ट्रान्सफर प्रिंटर घ्या.

बारकोड स्वच्छ असूनही स्कॅन केल्यावर संगणकात पुस्तक सापडत नसेल तर आधी कीबोर्ड बघा. बहुतेक स्कॅनर संगणकाला कीबोर्डसारखेच दिसतात. मघाशी मराठी शीर्षक टाइप करून कीबोर्ड देवनागरीवरच राहिला असेल, तर कोडमधली रोमन अक्षरं भलतीच उमटतात. दुसरा घोळ एक्सेलमध्ये होतो: ००४५१२ चं ४५१२ होतं आणि लेबल व नोंद जुळत नाही. आकडे भरण्याआधीच दाखल क्रमांकाचा रकाना ‘टेक्स्ट’ करून ठेवा.

आरएफआयडीत पुस्तकाला टॅग, म्हणजे चिप असलेली चिकटपट्टी, चिकटवतात. ग्रंथालयात बहुधा १३.५६ मेगाहर्ट्झचा. चार-पाच पुस्तकं एकदम नोंदवता येतात, न नोंदवता नेलेलं पुस्तक ओळखणारं दारातलं गेटही त्याच टॅगवर चालतं. खरा फायदा साठा पडताळणीत दिसतो. बारकोडला प्रत्येक पुस्तक बाहेर काढावं लागतं, इथे रीडर कपाटापुढून फिरवायचा. पण पातळ पुस्तकं शेजारी असली की टॅग एकमेकांच्या अगदी मागे येतात, त्यांची वारंवारता ढळते आणि काही वाचलेच जात नाहीत. म्हणून टॅग कधी वर, कधी मध्ये, कधी खाली असे लावतात. धातूचा मुलामा असलेल्या मुखपृष्ठालाही टॅग नीट साथ देत नाही. ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळलेलं पुस्तक गेटला कळत नाही, तेव्हा चोरी पूर्ण थांबेल अशी आशा ठेवू नका.

खर्च मांडताना टॅगची किंमत एकूण ग्रंथसंख्येनं गुणा आणि प्रत्येक पुस्तक हाताळून टॅगवर क्रमांक लिहायची मजुरीही धरा. निविदेत टॅगवरच्या माहितीसाठी आयएसओ २८५६० आणि ग्रंथालय प्रणालीशी जोडणीसाठी एसआयपी२ ही दोन्ही मानकं लेखी मागा. नाहीतर पुरवठादार बदलल्यावर सगळे टॅग पुन्हा लिहावे लागू शकतात. वाचकाची कोणतीही माहिती टॅगवर ठेवू नका. आणि आरएफआयडी आली तरी बारकोड राहू द्या. टॅग निकामी झाला की त्याच लेबलावरून पुस्तक नोंदवता येतं.