सिस्सूच्या बर्फात जिम्नी: चढते झकास, पण...

पुण्याहून मनालीपर्यंत गाडी हाकत नेली ती फक्त जिम्नीला, म्हणजे माझ्या मारुतीच्या छोट्या जीपवजा गाडीला, बर्फ दाखवायला. बायको म्हणाली, "तिला बर्फ दाखव, मला हीटर दाखव." फेब्रुवारीचा दुसरा आठवडा होता.

सोलंगच्या अलीकडे पोलिसांनी टायरवर बर्फाच्या साखळ्या, म्हणजे चेन, नसलेल्या साध्या गाड्या परत फिरवल्या. आमची फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर देणारी गाडी, बघून हात केला, जाऊ द्या. छाती जरा फुगलीच. अटल बोगदा 9.02 किलोमीटरचा, आत रस्ता कोरडा, म्हणून लिव्हर परत टू-एचवर घेतला, म्हणजे जोर फक्त मागच्या दोन चाकांना. जिम्नीत मधला डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग, नाही. कोरड्या डांबरावर फोर-एच (चारही चाकांना जोर) ठेवलं की वळणावर गाडी अडखळते आणि गिअरवर ताण येतो. पलीकडे लाहौलात बाहेर पडलो तर सगळं पांढरं. फोर-एच टाकलं आणि ताज्या बर्फाच्या चढावर गाडी अशी निघाली की जणू ताम्हिणीतला चिखलच.

उतारावर मात्र जीव घशात आला. ब्रेकवर पाय ठेवला, चाकं जाम होऊ न देणारं एबीएस खडखडलं आणि गाडी आपल्या मनाने निघाली. अहो, ब्रेक तर साध्या गाडीलाही चारही चाकांना असतात! फोर बाय फोरने जोर मिळतो, पकड टायरची. आणि माझे टायर पुण्याच्या रस्त्यांचे. मग फोर-एल, म्हणजे चारही चाकांना जोर पण अगदी हळू चालणारी लो-रेंज, पहिला गिअर, ब्रेकवरून पाय बाजूला. इंजिननेच धरून धरून उतरवली.

खरी फजिती बोगद्यापलीकडच्या सिस्सू गावात. होमस्टेच्या बाहेर गुडघाभर बर्फात हौसेने गाडी घातली. जिम्नीचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे पोट आणि जमिनीतलं अंतर, 210 मिलिमीटर; जेमतेम वीतभर. पोटाखाली बर्फ दाबला गेला आणि गाडी त्यावर बसली, अंड्यावर कोंबडी बसावी तशी. एक चाक फिरलं तर सिस्टिम त्याला ब्रेक लावून दुसऱ्याला जोर देते. इथे चारही चाकं जवळजवळ अधांतरी, देणार कुणाला? मी रेस देत गेलो आणि प्रत्येक चाकाने आपल्याखाली काचेसारखी गुळगुळीत वाटी घासून काढली.

घरमालक फावडं घेऊन आले. "सर, रेस मत दो." आधी पोटाखालचा बर्फ खरवडला, मग तंदूरमधली राख चाकांपुढे टाकली, टायरमधली थोडी हवा काढायला लावली. दुसऱ्या गिअरमध्ये हलक्या पायाने गाडी निघाली. पाऊण तास गेला, बोटं बधिर.

गाडीला माझ्याकडून पाचपैकी चार. हलकी आहे, अरुंद आहे, लो-रेंज आहे. बर्फात हौस करायची तर एवढ्या पैशात मी हीच घेईन. कापलेला एक तारा खरं तर माझा. मनालीत उतरल्यावर चेनचा जोड आणि एक बुटकं फावडं घेतलं. फावडं सध्या डिकीत आहे. बायको त्याने कुंड्यांची माती उकरते.