रायझन ५ ७६०० आणि आरएक्स ७८०० एक्सटी: आठ महिने आणि विदर्भातल्या एका उन्हाळ्यानंतर

माझ्या गेमिंग पीसीची जुळणी अशी: एएमडीचा रायझन ५ ७६०० प्रोसेसर, बी६५० मदरबोर्ड, डीडीआर५ ६००० सीएल३० रॅमच्या १६ जीबीच्या दोन स्टिक, १६ जीबी मेमरीचं आरएक्स ७८०० एक्सटी ग्राफिक्स कार्ड, १ टीबी एनव्हीएमई एसएसडी, ७५० वॅटचा गोल्ड पॉवर सप्लाय आणि समोर जाळी असलेलं कॅबिनेट. मॉनिटर २७ इंची, १४४०पी रिझोल्यूशनचा, १६५ हर्ट्झ.

मॉनिटर शेवटी लिहिला असला तरी ठरवायचा तो सगळ्यात आधी. १०८०पी स्क्रीनवर हे कार्ड म्हणजे उगाच खर्च. तिथे आरएक्स ७६०० हे लहान कार्ड पुरतं. १४४०पीवर मात्र नव्या गेममध्ये टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागाचं तपशीलवार चित्र) ‘हाय’वर ठेवले की ८ जीबीच्या कार्डाची मेमरी भरून जाते. एफपीएसचा (दर सेकंदाच्या फ्रेमचा) आकडा छान दिसतो आणि खेळताना मध्येच हिसके बसतात. १६ जीबीमुळे ती कटकट आठ महिन्यांत झालेली नाही. रे ट्रेसिंगची (प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या दाखवण्याची) हौस असेल तर हे कार्ड घेऊ नका, तिथे एनव्हिडिया सरळ पुढे आहे. या रिझोल्यूशनला बहुतेक गेमचा भार कार्डावर येतो, म्हणून महागड्या प्रोसेसरचे पैसे वाचवून कार्डात घातले, ते बरोबर ठरलं.

प्रोसेसरसोबत येणारा कूलर हिवाळ्यात चालून गेला. बाहेर ४४ अंश झाल्यावर पूर्ण भाराखाली प्रोसेसर ९५ अंशांना टेकू लागला. ही त्याची ठरलेली मर्यादा आहे, तो जळत नाही, वेग कमी करतो. पण पंख्याचा आवाज खोलीभर होतो. १२० मिमी पंख्याचा साधा टॉवर कूलर लावल्यावर प्रश्न मिटला. पाण्याच्या कूलरची इथे काहीच गरज नाही. टॉवर बसवताना तळाची प्लास्टिकची फिल्म काढा (हसू नका, ती राहून जाते) आणि स्क्रू तिरपे, आलटून पालटून थोडे थोडे आवळा. या प्रोसेसरच्या एएम५ सॉकेट प्रकारात पिना प्रोसेसरला नसून सॉकेटमध्ये आहेत. त्या वाकल्या तर बोर्ड गेला, आणि वाकलेल्या पिनांना वॉरंटी मिळणं कठीण.

रॅम प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लावायची. पहिल्यांदा चालू केल्यावर काही मिनिटं स्क्रीन काळीच राहते. बोर्ड रॅमची जुळवाजुळव करत असतो. घाबरून प्लग काढू नका. मग बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये) एक्स्पो, म्हणजे रॅमला तिच्या लिहिलेल्या वेगाने चालवणारी सेटिंग, चालू करा, नाहीतर ६०००चे पैसे देऊन रॅम बहुधा ४८००वर चालते. पुढे आणखी दोन स्टिक घालू, हा बेत करू नका. चार स्टिकला एएमडीची अधिकृत हमी फक्त ३६००ची आहे. ३२ जीबी एकदमच घ्या.

केबल मॉनिटरपासून ग्राफिक्स कार्डालाच जोडा. या प्रोसेसरमध्ये लहानसं ग्राफिक्स असल्यामुळे मदरबोर्डाला लावली तरी चित्र दिसतं आणि गेम रखडतात. विंडोजमध्ये रिफ्रेश रेट हाताने १६५ करावा लागला, आधी ६० होता.

खरं लक्ष विजेकडे द्या. कार्ड २६३ वॅटचं, प्रोसेसर ८८पर्यंत जातो, वर बोर्ड आणि पंखे. एएमडी किमान ७०० वॅटचा सप्लाय सांगते. कार्डाच्या दोन ८-पिन जोडण्यांना सप्लायपासून दोन वेगळ्या केबल द्या, एकाच केबलची दोन तोंडं नकोत. दुकानदार हमखास ६०० व्हीएचा यूपीएस गळ्यात मारतात. त्यावर साधारण ३६० वॅट लिहिलेलं असतं. गेम चालू असताना वीज गेली की तो तिथेच बसतो. मॉनिटर धरून १००० ते ११०० व्हीए हवा, आणि वॅटचा आकडा वाचूनच घ्या.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर पीसी उघडू नका, भिंतीवरच्या सॉकेटचं अर्थिंग तपासा. सप्लायच्या फिल्टरमधून गळणारा किंचित प्रवाह जमिनीत जायला वाट नसली की कॅबिनेटवर साधारण ११५ व्होल्ट दिसतात. कुठलाही भाग बदलून ते जात नाही, वायरमनच लागतो.

धूळ हा कायमचा खर्च. समोरची जाळी दर तीन आठवड्यांनी धुवायची, मेमध्ये दर आठवड्याला. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, मोकळा सोडला तर भन्नाट वेगाने फिरून बेअरिंग जातं.