खेळण्याच्या शैलीचा सशुल्क अहवाल: ब्लिट्झ खेळणाऱ्यांनी घ्यावा का?

बुद्धिबळाच्या डावांवर अहवाल देणाऱ्या एका सेवेच्या नूतनीकरणाचे पैसे परवा खात्यातून गेले, तेव्हा हे लिहायला घेतलं. मुदत संपण्याआधी आठवण करून देऊ असं वर्गणी भरताना स्पष्ट लिहिलेलं होतं. आठवण आली नाही, थेट पावती आली. तक्रार अजून त्यांच्याकडे चालू आहे म्हणून सेवेचं नाव घेत नाही. पण असे अहवाल आता बऱ्याच ठिकाणी मिळतात आणि मला खटकलेली गोष्ट त्यातल्या कुठल्याही अहवालात तपासून बघता येईल.

अहवाल कसा असतो हे बहुतेकांना माहीत आहे. ज्या साइटवर खेळतो तिथलं आपलं खातं जोडायचं, तो आपले डाव ओढून घेतो, स्टॉकफिश या इंजिनकडून, म्हणजे चाली जोखणाऱ्या प्रोग्रॅमकडून, तपासून घेतो आणि दर महिन्याला तीन भाग हातात ठेवतो: शैली, जमेच्या बाजू आणि सुधारणेला वाव. मी ब्लिट्झ, म्हणजे काही मिनिटांचे झटपट डाव, खेळते: मुख्यतः ३+०, अधूनमधून ३+२ (पहिला आकडा प्रत्येकाला मिळणारी मिनिटं, दुसरा दर चालीला वाढणारे सेकंद). बुलेट, म्हणजे एक-दोन मिनिटांचे डाव, फारच क्वचित. बरेच महिने हा अहवाल नेमाने वाचला, त्यात सांगितलेलं केलं, आणि माझं मत दोनदा बदललं.

पहिल्या अहवालाने मी खूश झाले होते. शैली आक्रमक, ओपनिंग भक्कम, डावपेचात नजर चांगली, अंत्यडाव कच्चा. त्यातही हत्तीचे अंत्यडाव फारच कच्चे. पुढच्या महिन्यात तेच, त्याच्या पुढच्याही महिन्यात तेच. म्हणून मी हत्तीचे अंत्यडाव बसून शिकले. लुसेना या जिंकायच्या ठरावीक पोझिशनमध्ये हत्ती चौथ्या ओळीत आणून राजाला आडोसा कसा करायचा, फिलिडोर या बरोबरी साधायच्या पोझिशनमध्ये बचाव करताना हत्ती प्रतिस्पर्ध्याच्या राजाला अडवणाऱ्या ओळीत कसा धरून ठेवायचा, त्याचं प्यादं त्या ओळीत आलं की लगेच पटाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन मागून शह कसे देत राहायचे, हे सगळं हातात बसेपर्यंत केलं. मग १५+१० चे डाव खेळून बघितले. तिथे हे अंत्यडाव मला नीट येत होते. बरोबरीचे डाव वाचत होते, जिंकायचे डाव जिंकले जात होते. आणि ब्लिट्झचा अहवाल मात्र त्याच शब्दांत सांगत राहिला: अंत्यडाव कच्चा, हत्तीच्या अंत्यडावांचा सराव करा.

तेव्हा पहिल्यांदा मी अहवाल बाजूला ठेवून माझ्या डावांच्या पीजीएन फाइली, म्हणजे चालींच्या नोंदी, उघडल्या. ऑनलाइन डावाच्या पीजीएनमध्ये प्रत्येक चालीशेजारी घड्याळात उरलेली वेळ नोंदलेली असते. फुकट मिळणारी गोष्ट आहे ही. आणि ज्या अहवालासाठी मी पैसे भरत होते त्यात ती नोंद कुठेही वापरलेली नव्हती.

हाच माझा मुख्य आक्षेप आहे आणि तो मी सविस्तर मांडणार आहे, कारण ब्लिट्झ खेळाडूच्या बाबतीत याच्यापुढे बाकीचं सगळं दुय्यम आहे.

हिशेब साधा आहे. ३+० मध्ये १८० सेकंद मिळतात. डाव ६० चालींचा झाला तर एका चालीला ३ सेकंद. कुठल्या चालीला अर्धा सेकंद द्यायचा आणि कुठल्या चालीला पंधरा, यातच त्या खेळाडूची शैली असते. दोन खेळाडू अगदी सारख्याच चाली खेळले, पण एकाने पहिल्या पंधरा चालींत तीस सेकंद घालवले आणि दुसऱ्याने शंभर, तर ते दोन वेगवेगळ्या ताकदीचे खेळाडू आहेत. अहवालाच्या लेखी मात्र दोघांची अचूकता सारखी, शैली सारखी, सल्लाही सारखा.

माझाच एक डाव घ्या. काळ्याकडून कारो-कान ओपनिंग, त्यातला ॲडव्हान्स प्रकार (अक्षर आणि आकडा म्हणजे पटावरचं घर): १.ई४ सी६ २.डी४ डी५ ३.ई५ उंट एफ५ ४.घोडा एफ३ ई६ ५.उंट ई२ सी५ ६.उंट ई३. इथे काळ्याला वजीर बी६ चालतं, सी५ चं प्यादं डी४ वर मारलेलं चालतं, घोडा डी७ चालतं. तिन्ही रुळलेल्या चाली आहेत, इंजिनला त्यांच्यात फारसा फरक दिसत नाही. मी या चालीला २३ सेकंद घेतले. पुढे नवव्या चालीला १७, अकराव्या चालीला १९. तिन्ही वेळा पोझिशन शांत होती, कुठलाही मोहरा बिनबचाव लटकत नव्हता, आणि मी दोन-तीन चांगल्या चालींतून एक निवडत बसले होते. पंधराव्या चालीला माझ्याकडे ८१ सेकंद होते आणि समोरच्याकडे १३८. पुढे मी एक प्यादं मिळवलं, वरचढ असा हत्तीचा अंत्यडाव आला, आणि तिथे पोचताना माझ्याकडे ९ सेकंद उरले होते. नऊ सेकंदांत हत्ती चुकीच्या ओळीत गेला, प्यादं परत गेलं आणि नंतर वेळ संपली. अहवालात या डावासमोर लिहिलं होतं: ओपनिंग उत्कृष्ट, अंत्यडावात घसरण.

डाव हरायला सुरुवात झाली ती सहाव्या चालीला. ज्या भागाला अहवालाने शाबासकी दिली त्याच भागात माझं सगळं भांडवल संपलं होतं. मग माझे बरेच डाव असेच तपासले आणि चित्र बदललं नाही. सहा ते पंधरा या चालींत मी वेळ उधळते. डावपेचाच्या पोझिशनमध्ये मी झटपट खेळते, कारण तिथे चाल दिसते. शांत पोझिशनमध्ये काहीच ओरडून सांगत नाही, म्हणून मी थांबते. सुधारणेला वाव म्हणून एका ओळीत लिहायचं तर ते हे आहे. महिनोन् महिने पैसे घेऊन ते कोणी सांगितलं नाही.

अहवालात 'वेळेचं व्यवस्थापन' नावाचा एक गुण आहे, हे खरं. मी त्याबद्दल ग्राहक सेवेला लिहिलं. पहिल्या दोन मेलना ठरावीक उत्तर आलं: ॲप अद्ययावत करा, खातं पुन्हा जोडा. तिसऱ्या मेलला एका समजूतदार माणसाने सरळ उत्तर दिलं, की हा गुण वेळ संपून हरलेल्या डावांच्या प्रमाणावरून काढतात. बस, एवढंच. म्हणजे वजीर गमावून हरलेल्या पोझिशनमध्ये वेळ संपली काय, किंवा एक हत्ती जास्तीचा असताना संपली काय, दोन्हींची नोंद सारखीच. आणि पाच सेकंद उरलेत म्हणून घाईत वजीर देऊन टाकला आणि राजीनामा दिला, तर तो डाव वेळेच्या खात्यात जातच नाही, 'घोडचूक' म्हणून डावपेचाच्या खात्यात जातो. वेळेच्या तंगीतली निम्मी दुखणी अशी दुसऱ्याच नावाखाली जमा होतात.

उलट दिशेनेही हेच होतं. एका डावात माझ्याकडे हत्ती आणि ए व बी या शेजारच्या स्तंभांतली दोन जोडलेली प्यादी होती, समोर उंट आणि एक प्यादं, त्याचा राजा पटाच्या दुसऱ्या टोकाला. माझ्याकडे ६ सेकंद, त्याच्याकडे ४. उंट पटावर असेपर्यंत प्रत्येक चालीला बघावं लागत होतं की हत्ती किंवा प्यादं त्याच्या कर्णात येत नाही ना. मी हत्तीने तो उंट मारला, त्याने हत्ती घेतला, आणि त्यानंतर माझ्या प्याद्यांना अडवणारं काहीच उरलं नाही. पुढच्या सगळ्या चाली मी प्रीमूव्हने, म्हणजे समोरच्याची चाल येण्याआधीच आपली लावून ठेवून, ढकलल्या. डाव जिंकला. अहवालात त्या चालीवर लाल खूण: 'विजयाची संधी हुकली.' इंजिनला तिथे सक्तीची मात दिसत होती, म्हणून हत्ती देणं ही चूक. सहा सेकंदांत ती मात मला शोधता आली नसती आणि तो शोध सुरू करणंच घातक होतं. अशी अदलाबदल सुचणं ही ब्लिट्झमधली जमेची बाजू आहे, आणि ती सुधारणेच्या यादीत गेली.

प्रीमूव्हबद्दलही अहवालात अक्षर नाही. चेस.कॉम या साइटवर एकापाठोपाठ अनेक प्रीमूव्ह लावता येतात आणि प्रत्येकाला सेकंदाचा दहावा भाग कापला जातो. लिचेस या दुसऱ्या साइटवर एका वेळी एकच लावता येते पण वेळ कापली जात नाही. शेवटच्या पाच सेकंदांत कोण काय करू शकतो हे त्यावर ठरतं. एका ठिकाणी घडलेली सवय दुसरीकडे नडते, आणि मी दोन्हीकडे खेळते.

'आक्रमक' या शिक्क्याबद्दलही आता माझं मत बदललंय. सुरुवातीला तो वाचून बरं वाटलं होतं. पण मी वेगाच्या खेळात बलिदानं देते त्याचं कारण बहुतेकदा घड्याळ असतं. हल्ल्याची पुढची चाल मला दोन सेकंदांत दिसते, बचाव शोधायला समोरच्याला दहा लागतात. बलिदान पूर्ण बरोबर नसलं तरी ते आठ सेकंद माझ्या खात्यात येतात. १५+१० मध्ये मी असं खेळत नाही, तिथे मी प्याद्यांची रचना सांभाळत सावकाश खेळते. मग माझी शैली कोणती? अहवाल तिन्ही प्रकारांचे डाव एकत्र घोटून एकच विशेषण देतो. चेस.कॉमच्या स्पीड चेस चॅम्पियनशिपमध्ये बरीच वर्षं एकाच लढतीत आधी ९० मिनिटं ५+१, मग ६० मिनिटं ३+१ आणि शेवटी ३० मिनिटं १+१ खेळत आले आहेत. प्रेक्षकांनाही माहीत असतं की ५+१ मध्ये मागे पडलेला खेळाडू १+१ मध्ये भरून काढू शकतो. नाकामुराने २०१८ ते २०२२ ही स्पर्धा सलग पाच वेळा जिंकली, आणि २०२३ च्या अंतिम लढतीत कार्लसनने त्याला १३.५–१२.५ ने हरवलं. जगातले सर्वोत्तम खेळाडू तीन वेळांना तीन तऱ्हेने जोखले जातात, मग आमच्या अहवालात वेळेप्रमाणे तीन रकाने का नसावेत?

इन्क्रिमेंटचा, म्हणजे दर चालीला वाढणाऱ्या सेकंदांचा, मुद्दाही यातच येतो. जागतिक ब्लिट्झ स्पर्धा ३+२ ने होते. त्या दोन सेकंदांमुळे ६० चालींत १२० सेकंद जास्तीचे मिळतात आणि हत्तीचा अंत्यडाव निदान खेळता तरी येतो. माझे ३+० आणि ३+२ चे डाव वेगळे काढले तर अंत्यडावातला माझा कच्चेपणा ३+२ मध्ये जवळपास दिसत नाही. एवढी एक चाळणी लावली असती तरी मला भलत्याच सरावाला लावलं गेलं नसतं. (सराव वाया गेला असं म्हणणार नाही, लुसेना येणं केव्हाही चांगलंच.)

आता चांगलं. इथे मी मनापासून कौतुक करणार आहे. हुकलेल्या डावपेचांची कोडी हा भाग खरोखर उत्तम आहे. आपल्याच डावांतून ज्या क्षणी संधी हुकली तो क्षण तो कोडं म्हणून समोर ठेवतो. बरीच कोडी सोडवल्यावर मला एक गोष्ट ठळक दिसली: माझ्या नजरेतून सुटतात त्या मागे जाणाऱ्या चाली. घोडा पुढे उडी मारून दुहेरी हल्ला करत असेल तर तो मला दिसतो; तोच घोडा मागे येऊन वजीर आणि हत्तीवर एकदम हल्ला करत असेल तर दिसत नाही. लांब कर्णावर मागे सरकून दुसऱ्या टोकाचं प्यादं मारणारा उंटही तसाच. आपले मोहरे पुढेच जाणार अशी डोळ्यांना सवय लागते आणि तीन सेकंदांत डोळे सवयीनेच बघतात. हे मला लिचेसच्या हजारो कोड्यांतून कळलं नसतं, कारण तिथली कोडी माझी नाहीत. आता प्रत्येक अदलाबदलीनंतर मी एकदा मागच्या घरांकडे नजर टाकते, आणि ब्लिट्झमध्ये त्याचा फरक पडलाय. ओपनिंगनिहाय निकालही नीट मांडलेत. स्कॉच या ओपनिंगमध्ये माझे गुण किती वाईट आहेत हे त्यावरूनच कळलं आणि मी स्कॉच सोडलं.

हे लिहीत असतानाच ॲपचं नवं रूप आलं, म्हणून वरच्या तक्रारीत एक दुरुस्ती. आता डाव उघडला की खाली प्रत्येक चालीला लागलेल्या वेळेचा आलेख दिसतो. चांगली गोष्ट आहे. पण तो एकेका डावापुरताच आहे. महिन्याच्या अहवालात, शैलीत, सल्ल्यात त्याचा उपयोग अजून केलेला नाही, आणि अचूकतेचा आकडा पूर्वीसारखाच घड्याळाकडे न बघता निघतो. चालींच्या वेळेचा आलेख लिचेसवर प्रत्येक डावाला पूर्वीपासून आहे, आणि तिथल्या 'इनसाइट्स'मध्ये चालीला लागलेला वेळ हा निकष लावून सगळे डाव एकत्रही बघता येतात. त्याला एक पैसा लागत नाही. लिचेस देणग्यांवर चालतं, जाहिरातीही नाहीत. पैसे घेणाऱ्याने निदान तिथवर तरी पोचावं, ही अपेक्षा जास्त नाही.

घ्यावा का? १५+१० किंवा त्याहून सावकाश खेळत असाल तर घ्या, तिथे हा अहवाल बराचसा खरं बोलतो. ३+० आणि १+० खेळणाऱ्यांनी वर्षाची वर्गणी भरू नये. एका महिन्याची योजना आहे, ती वर्गणीच्या पानावर अगदी तळाशी आहे. ती घ्या, मागचे सगळे डाव एकदम तपासायला लावा, कोडी सोडवा आणि थांबा. कोड्यांची पीजीएन फाइल मुदत संपण्याआधीच उतरवून घ्या, नंतर ती उघडत नाही. 'आपोआप नूतनीकरण' वर्गणी भरल्याच्या दिवशीच बंद करा. बंद केलं तरी महिना पूर्ण वापरता येतो. माझे कापलेले पैसे परत मिळाले की इथेच खाली लिहीन.