विंचला वायर रोप लावावा की सिंथेटिक दोर?

खंबाटकी घाटाच्या दोन्ही अंगांना, शिरवळ ते सुरूर, बंद पडलेल्या आणि खाली गेलेल्या गाड्या मी विंचने, म्हणजे ड्रमवर दोर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राने, काढतो. बरीच वर्षं त्यावर वायर रोप, म्हणजे पोलादी तारांचा दोर वापरला, आता सिंथेटिक, म्हणजे प्लास्टिकच्या धाग्यांचा दोर आहे.

वायर रोप राकट आणि स्वस्त. दगडाला घासला, उन्हात पडून राहिला तरी तक्रार नाही. ज्यांचं काम जास्त खाणीत किंवा क्रशरवर असतं, त्यांनी बहुतेक तोच ठेवावा.

माझं मन उडालं ते कुसळांमुळे. रोप जुना झाला की बारीक तारा तुटून वर येतात आणि चामड्याच्या हातमोज्यातूनही आत घुसतात. पावसाळ्यातल्या एका रात्री, बोगद्यापुढच्या एस वळणावर, चरात गेलेल्या गाडीसाठी रोप ओढत होतो. कुसळ तळहातात रुतलं, मोजा रोपाला अडकला, हात सुटेना. तेवढा वेळ माझी पाठ येणाऱ्या गाड्यांकडे होती. मदतनीस बॅटरी हलवत ओरडत होता. हात आठवड्यात बरा झाला. पण पाठीमागून जाणाऱ्या ट्रकचा तो वारा मला अजून आठवतो.

सिंथेटिक दोर हलका. वेटोळं खांद्यावर टाकून चरात उतरायचं, हूक लावायचा आणि वर यायचं. रस्त्याच्या कडेला थांबणं बरंच कमी झालं, निदान माझा तरी हाच अनुभव. तुटला तर तारेइतका उसळत नाही म्हणतात, पण हूक उडू शकतोच. म्हणून दोर कोणताही असो, ताण येण्याआधी मी त्यावर ओलं पोतं टाकतो आणि दोराच्या रेषेत कुणाला उभं राहू देत नाही.

त्याचे लाड मात्र करावे लागतात. तो १५० अंशांच्या आसपास वितळतो, आणि ताकद त्याच्या बरीच आधी जाते. विंचचा ब्रेक दोर गुंडाळायच्या ड्रमच्या आत असेल तर गाडी भारासकट खाली सोडताना ड्रम चांगलाच तापतो. असं काम रोजचं असेल तर तारच बरी. दोर विंचमधून बाहेर येतो तिथले, तारेने चरे पडलेले जुने रोलर तसेच ठेवू नका, दोराचे धागे कापले जातात. मी त्यांच्या जागी गुळगुळीत ॲल्युमिनियमचं तोंड बसवून घेतलं. दोर पूर्ण सोडला तरी ड्रमवर काही वेढे उरले पाहिजेत: तारेचे ५ पुरतात, याचे ८ ते १० ठेवावेत. चिखलात काम झालं की साध्या पाण्याने धुवा, आत राहिलेली वाळू धागे खाते.

जुन्या रोपाचा चांगला उरलेला तुकडा अजून गाडीत आहे. कठड्याच्या धारेवरून ओढायचं असेल तर पुढे तो जोडतो, पण जाड मोजे घालूनच.